लॅटिन 'क्वे', पोर्तुगीज 'क' आणि आपला 'च' : दिसणं एक, कूळ भलतंच

शब्दशोध
क्यू, यू, ई ही तीन रोमन अक्षरं याच क्रमाने लॅटिन, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि फ्रेंच पुस्तकांत पानोपानी भेटतात. लॅटिनमध्ये उच्चार 'क्वे', स्पॅनिशमध्ये 'के'. फ्रेंचमध्ये आणि पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये जवळजवळ नुसता 'क', ब्राझीलमध्ये 'कि'. लॅटिन ही बाकी तिघींची आई, तेव्हा शब्द एकच असणार असं कुणीही धरून चालेल. तिथेच फसगत होते. लॅटिन 'क्वे' म्हणजे 'आणि'. पोर्तुगीज 'क' म्हणजे 'की', 'जो', 'काय'. या 'क'चा उगम लॅटिनच्या क्वेम, क्विद, क्वोद या प्रश्नार्थक-संबंधी सर्वनामांत आहे. 'आणि'वाला क्वे लेकींच्या घरी पोचलाच नाही. तिथे 'आणि'साठी लॅटिनमधलाच दुसरा शब्द 'एत' गेला. फ्रेंचमध्ये तो 'ए' झाला, पोर्तुगीजमध्ये 'इ', स्पॅनिशमध्येही 'इ'.

क्वेचा सख्खा भाऊ आपल्या बाजूला आहे, संस्कृत 'च'. अर्थ तोच आणि वाक्यातली बसायची जागाही तीच.

रोमचं ब्रीद घ्या: 'सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस', म्हणजे सेनेट आणि रोमन जनता. 'आणि' दोन नामांच्या मधे नाही, दुसऱ्या नामाच्या शेपटीला आहे. पोपुलुस + क्वे. संस्कृतात 'रामो लक्ष्मणश्च' म्हणतो तसंच. एक गंमत: शिलालेखांवर आणि आजही रोमच्या गटारांच्या झाकणांवर या ब्रीदाची चार आद्याक्षरं असतात, पण शब्द तीनच आहेत. जास्तीचं अक्षर या शेपटीचं.

नवशिका
चांगला विषय. लॅटिन वाचताना शेवटी क्वे दिसला की 'आणि' लावून मोकळं व्हायचं, एवढं पुरतं का?

क्षिप्रा
@नवशिका, नाही पुरत. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या चुका याच सवयीतून होतात. असं करा:

शेवटचा क्वे झाकून उरलेला भाग वाचा. तो स्वतंत्र, विभक्ती लागलेला शब्द असेल तर क्वे म्हणजे 'आणि'. मारीक्वे : मारी (समुद्रावर) + क्वे. 'तेर्रा मारीक्वे' म्हणजे जमिनीवर आणि समुद्रावर. उरलेला भाग शब्दच नसेल तर क्वे मूळ शब्दाचाच भाग. 'रेलींक्वे' मधून क्वे काढला तर 'रेलीन' उरतं, असा शब्द नाही. ते 'सोड' असं आज्ञार्थी रूप आहे. 'कोक्वे' म्हणजे 'शिजव'. 'आइक्वे' म्हणजे 'सारखंच', क्रियाविशेषण. 'क्वींक्वे' म्हणजे पाच.

तिसरा प्रकार जास्त त्रासाचा. शब्दात 'आणि'वालाच क्वे असतो, पण जोड इतकी जुनी की अर्थ आता वेगळा झालेला. उबी (कुठे) पासून उबीक्वे, सर्वत्र. उंदे (कुठून) पासून उंदिक्वे, सगळीकडून. क्विस (कोण) पासून क्विस्क्वे, प्रत्येक जण. नेक्वे म्हणजे 'आणि नाही'. हे शब्द कोशात स्वतंत्र नोंदीने सापडतात. म्हणून आधी पूर्ण शब्द कोशात शोधायचा, तोडायचा नंतर.

दोन ठिकाणी तोडून पाहणंही कामाला येत नाही. 'क्वोक्वे' मधला पहिला स्वर ऱ्हस्व असेल तर अर्थ 'सुद्धा', दीर्घ असेल तर 'आणि कुठे' किंवा 'प्रत्येकाने'. छापील मजकुरात बहुधा दीर्घाची आडवी रेघ नसते, तेव्हा संदर्भच पाहावा लागतो. ऱ्हस्ववाला कधी वाक्याच्या सुरुवातीला येत नाही, ज्या शब्दावर जोर त्याच्या लगेच नंतर येतो. आपल्या 'ही' सारखा : 'तू क्वोक्वे' म्हणजे 'तूही'. दुसरं ठिकाण 'इताक्वे'. एकसंध शब्द धरला तर 'म्हणून', तोडला तर 'आणि असं'. जुने व्याकरणकार यातला फरक आघातावर सांगतात. पहिल्यात आघात 'इ'वर, दुसऱ्यात 'ता'वर.

मांडवीकाठ
आघाताचा नियम पूर्ण सांगायला हवा. क्वे स्वतः आघातहीन असतो, आणि चिकटला की आधीच्या शब्दाचा आघात ओढून आपल्या लगतच्या अक्षरावर आणतो. नुसता 'पोपुलुस' म्हणताना जोर 'पो'वर, पण 'पोपुलुस्क्वे' म्हणताना 'लुस'वर. गोव्यातल्या चर्चच्या लॅटिन गायनात हा फरक नीट ऐकू येतो.

चर्चचं नाव निघालंच आहे तर क्वेने केलेला सगळ्यात मोठा घोटाळा इथे नोंदवतो. इ.स. ३८१ च्या श्रद्धाघोषणेत मूळ ग्रीक मजकूर असा की पवित्र आत्मा 'पित्यापासून' निघतो. पश्चिमेकडच्या लॅटिन पाठात त्यात एक शब्द वाढला : 'फीलीओक्वे', 'आणि पुत्रापासून'. स्पेनकडून ही वाढ पसरली आणि रोममध्ये १०१४ पासून ती रीतसर म्हटली जाऊ लागली. पूर्वेकडच्या चर्चने ती कधीच मानली नाही. १०५४ साली पूर्व आणि पश्चिम चर्च वेगळे झाले, त्या फुटीच्या कारणांत हा शब्द ठळक आहे.

व्याकरण पाहा. 'एक्स पात्रे फीलीओक्वे.' 'एक्स' म्हणजे 'पासून', हे अव्यय एकदाच आलंय. फीलीओ हे पंचमीसदृश रूप त्याच 'एक्स'च्या अमलाखाली आहे. क्वे दोन नामांना इतकं घट्ट बांधतो की अव्यय दुसऱ्यांदा लिहावं लागत नाही. इथे 'एत' वापरून अव्यय पुन्हा लिहिलं असतं तर दोन वेगळे उगम सुचले असते. क्वेमुळे दोघे एकाच दोरीत येतात. धर्मशास्त्रात शिरत नाही. गोव्यात ही ओळ मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) लॅटिनमध्ये गायली जायची, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा कोंकणीत आली.

व्याकरणवेडा
मग एत, क्वे आणि आत्क्वे या तिघांत कुठला केव्हा, हेही येऊ द्या. एत दोन वेगवेगळ्या गोष्टी शेजारी ठेवतो. क्वे जोडगोळी करतो : दिवसरात्र, बायकामुलं, जमीनसमुद्र. आत्क्वे दुसऱ्या गोष्टीवर जोर देतो, 'आणि वर' अशा थाटात. व्यंजनापुढे त्याचं 'आक' होतं. तीन गोष्टींची यादी असेल तर अभिजात गद्यात तीन रीती : सगळ्यांमध्ये एत, कुठेच काही नाही, किंवा शेवटच्या नामाला क्वे. 'अ, ब एत क' ही इंग्रजी वळणाची यादी नवशिके सर्रास लिहितात. ती अभिजात गद्याच्या वळणाची नाही.

क्वे कुठे टाळायचा तेही : 'हिक', 'नुंक', 'तुंक', 'सिक' अशा क-कारान्त शब्दांना चांगले गद्यलेखक तो लावत नाहीत, ऱ्हस्व ए-कारान्तांनाही सहसा नाही. एकाक्षरी शब्दयोगी अव्यय पुढे असेल तर क्वे पुष्कळदा त्याला सोडून पुढच्या शब्दावर जातो. 'ओब एआंक्वे रेम', 'आणि त्या कारणाने'. 'ओब'ला काही लागलेलं नाही, 'एआम'ला लागलंय. मात्र 'इंक्वे', 'एक्स्क्वे' अशी रूपं आहेतच, विशेषतः कवितेत. वाक्याला वाक्य जोडायचं असेल तर दुसऱ्या वाक्याच्या पहिल्या शब्दाला.

पद्यात अजून एक. क्वे नंतर स्वर आला की त्याचा 'ए' गिळला जातो. रोमन कवी व्हर्जिलने तर काही ओळींच्या शेवटचा क्वे पुढच्या ओळीच्या पहिल्या स्वरात जिरवला आहे. ओळ मोजताना एक अक्षर जास्त भरतं आणि शिकणारा पुन्हा पुन्हा मोजत बसतो.

क्षिप्रा
आता संस्कृत च. 'चार्थे द्वन्द्वः' (पाणिनी २.२.२९) या सूत्रावर टीकाकार चचे चार अर्थ सांगतात. समुच्चय : 'ईश्वरं गुरुं च भजस्व', दोन स्वतंत्र गोष्टी एका क्रियेला. अन्वाचय : 'भिक्षामट गां चानय', भिक्षेला जा, आणि जमल्यास गाय आण. म्हणजे दुसरं काम दुय्यम. इतरेतरयोग (दोघे जोडीने) आणि समाहार (दोघांचा मिळून एक गट) हे समासात उतरतात, पहिल्या दोन अर्थांत समास होत नाही. हा अन्वाचय फार छान टिपलाय. मराठी 'आणि'लाही तो आहे ('बाजारात जा आणि मिळाली तर कोथिंबीर आण'), पण आपल्या शालेय व्याकरणात त्याला नाव नाही.

संधी लक्षात ठेवायचे चारच : रामः + च = रामश्च, तान् + च = तांश्च, तत् + च = तच्च, च + एव = चैव. च वाक्याच्या किंवा पादाच्या आरंभी कधीच येत नाही. आणि श्लोकात प्रत्येक च ला अर्थ लावायचा हट्ट नको. अमरकोशच सांगतो : 'तु हि च स्म ह वै पादपूरणे', म्हणजे हे शब्द नुसता पाद भरायलाही येतात.

दुहेरी वापर पाहा. लॅटिन महाकाव्यात 'नोक्तेस्क्वे दिएस्क्वे', रात्री आणि दिवस, दोन्हीला क्वे. ऋग्वेदात (६.९.१) 'अहश्च कृष्णमहरर्जुनं च'. काळा दिवस आणि उजळ दिवस, म्हणजे रात्र आणि दिवस, दोन्हीकडे च. पहिला च आपल्या गटातल्या पहिल्या शब्दाला चिकटलाय, दुसरा गटाच्या शेवटाला. आघातहीन शब्द दुसऱ्या जागेकडे सरकतात, या निरीक्षणाला भाषाशास्त्रज्ञ वाकरनागेलच्या १८९२ च्या लेखापासून त्याचं नाव आहे.

टेहळणी
एवढं साम्य आहे तर सरळ म्हणा ना की च चा क्वे झाला. संस्कृत जुनी, लॅटिन नंतरची.

व्याकरणवेडा
@टेहळणी, नेमका हाच शब्द त्या म्हणण्याच्या आड येतो. च, चकार, जगाम शेजारी ठेवा. पाणिनीचं सूत्र 'कुहोश्चुः' (७.४.६२) : अभ्यासात, म्हणजे द्वित्व झालेल्या पहिल्या तुकड्यात, कवर्गाचा चवर्ग होतो. कृ चं चकार, गम् चं जगाम. काय होतं ते पाणिनी सांगतो. का होतं याचा धागा ग्रीक-लॅटिनमध्ये मिळतो. ग्रीकमध्ये त्या पहिल्या तुकड्यात 'ए' असतो. म्हणजे एके काळी इकडेही 'ककार' नव्हे, 'केकार'सारखं काही होतं. 'ए'पुढचा क जिभेच्या टोकाकडे सरकून च झाला, आणि मग तो ए स्वतः 'अ' झाला. च राहिला, त्याला घडवणारा स्वर पुसला गेला.

हेच 'च' शब्दाचं. मूळ 'क्वे', त्याचा 'चे', त्याचा 'च'. लॅटिनने तो ए जपलाय, ग्रीकनेही ('ते'). संस्कृतातून निघाली असती तर लॅटिनला 'अ' मिळाला असता, आणि कुठल्या 'अ'चा ए करायचा, कुठल्याचा ओ, कुठल्याचा अ, हे तिला कळायला मार्गच नव्हता. 'ए'पुढच्या कचा च होतो हा नियम १८७० च्या दशकात चार-पाच जणांना जवळजवळ एकाच वेळी सुचला, आणि तेव्हापासून संस्कृत ही आई नव्हे, बहीण, हे पक्कं झालं. वय जास्त असलेली बहीण म्हणा हवं तर.

पडताळा म्हणून आकडे : पञ्च, लॅटिन क्वींक्वे, ग्रीक पेंते. तिन्हींत शेवटचा तुकडा च / क्वे / ते, अगदी 'आणि'च्या शब्दासारखाच. (लॅटिनमध्ये आरंभीचा प पुढच्या क्वच्या ओढीने क्व झाला.)

शब्दशोध
यात भर. ग्रीक 'ते' आधी 'क्वे' होता याचा लेखी पुरावाच आहे. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने रेखालिपी-ब (लिनियर बी, ग्रीक लिहिण्याची फार जुनी लिपी) उलगडली. त्या मातीच्या पाट्यांवरच्या ग्रीकमध्ये 'आणि' हा 'क्वे' असाच लिहिलाय, आधीच्या शब्दाला जोडून, मधे शब्दविभाजक रेघ न देता. उत्तर इटलीत सापडलेल्या एका भांड्यावरच्या केल्टिक लेखात हाच शब्द 'पे' झालाय : 'लातुमारुइ साप्सुताइ-पे', लातुमारोस आणि साप्सुता यांच्यासाठी (पुढे वाइनचा उल्लेख आहे). जुन्या इराणी अवेस्तात 'चा'. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत उरलाय नुसता 'ह' : 'निह' म्हणजे न च, म्हणजेच लॅटिन नेक्वे. आणि 'किंवा'चीही जोडी आहे, वा आणि लॅटिन 'वे'. तीही अशीच शेपटीला बसते.

नवशिका
क्विस्क्वे चालवायचा कसा? शेवट बदलतो का?

क्षिप्रा
शेवट बदलत नाही, पोट बदलतं. क्विस्क्वे, कुयुस्क्वे (प्रत्येकाचा), कुइक्वे (प्रत्येकाला), क्वेम्क्वे. 'सुउम कुइक्वे' म्हणजे ज्याचं त्याला. संस्कृतात कश्चित्, कस्यचित्, कस्मैचित्, कंचित्, तसंच. क चालतो, चित् हलत नाही. वैदिक 'यः कश्च' (जो कोणी) मध्ये तर चित् ऐवजी चच आहे, म्हणजे 'क्विस + क्वे' चीच रचना.

आणि हा चित् म्हणजे लॅटिन 'क्विद', 'काय', ध्वनीला ध्वनी लावून. आपण 'किंचित', 'कदाचित', 'क्वचित' म्हणतो तेव्हा प्रत्येकात एक क्विद असतो.

बोरकूट
आता मराठी च. तो हा च नाही, आणि तरी आहे, असं काहीसं प्रकरण आहे.

मराठीत 'रामच' म्हणजे 'राम आणि' नव्हे, 'दुसरा कोणी नाही, राम'. संस्कृतात हे काम एव करतो. प्राकृतात एवच्या जागी चेअ, चिअ, च्च आहेत. प्राकृत व्याकरणकार हेमचंद्राचं सूत्रच आहे : 'णइ चेअ चिअ च्च अवधारणे'. अवधारण म्हणजे 'हाच, दुसरा नाही' असं ठासून सांगणं. मराठीचा च या ओळीतला. चेअ मागे नेला तर ध्वनींच्या दृष्टीने सरळ 'चैव'वर जाऊन बसतो. गीतेच्या पहिल्याच श्लोकात 'मामकाः पाण्डवाश्चैव' आहे, तोच चैव. तसं धरलं तर मराठी च मध्ये 'आणि'वाल्या चचं शरीर आहे आणि एवचा जीव.

उच्चार वेगळा, हे विसरू नका. संस्कृत च तालव्य, 'चंद्र'मधला. मराठीचा अवधारणाचा च दंतमूलीय, 'चोर', 'चूल' मधला. 'मीच', 'तोच' म्हणून पाहा. 'रामश्च' वाचताना मराठी माणूस सवयीने चोरातला च काढतो, तो काढू नये.

जागा : विभक्ती, शब्दयोगी, सगळं झाल्यावर. 'रामानेच', 'घराबाहेरूनच', 'आलाच', 'नाहीच'. लिहिताना जोडून. 'तू च' असं तोडून लिहिलेलं हल्ली मोबाइलवर फार दिसतं, ते चूक. काही ठिकाणी च काढताच येत नाही : 'तो येताच सगळे उठले' यातला च काढून बघा, वाक्य बसतं का. 'येताक्षणी' या अर्थाचा भार त्याने एकट्याने उचललाय. कोंकणीत हाच च आहे ('हांवच'), आणि दख्खनी उर्दूत व मुंबईच्या हिंदीत 'ऐसाइच', 'मैंइच' मधला इच मराठीकडूनच गेलेला.

'आणि' मात्र या कुळातलाच नाही, तो 'अन्य'वरून.

मांडवीकाठ
आणि 'तसेच'? सरकारी मराठीत 'तसेच' म्हणजे निव्वळ 'आणि'. जोर देणारा च फिरून पुन्हा 'आणि'च्या कामाला लागला की!

पोर्तुगीज-फ्रेंचकडे परत येतो. पोर्तुगीज 'क' कर्त्यालाही चालतो, कर्मालाही : 'आलेला माणूस' आणि 'मी पाहिलेला माणूस', दोन्हीला क. फ्रेंचमध्ये कर्ता असेल तर 'की', कर्म असेल तर 'क'. गोव्याकडून फ्रेंचकडे वळणारे इथे हटकून चुकतात. शिवाय फ्रेंचमध्ये हे कर्म आधी आल्यामुळे पुढच्या भूतकाळी धातुसाधिताला लिंगवचन लागतं : 'ला लेत्र क झे एक्रीत', मी लिहिलेलं पत्र, 'एक्री' नव्हे, कारण लेत्र स्त्रीलिंगी. पोर्तुगीजमध्ये आणि स्पॅनिशमध्ये प्रश्नार्थक असेल तेव्हा ई वर चिन्ह येतं. स्पॅनिशमध्ये ते कायम, पोर्तुगीजमध्ये मुख्यतः वाक्याच्या शेवटी किंवा शब्द एकटा असताना.

फ्रेंच 'न ... क' या जोडीचा अर्थ 'फक्त'. 'झ ने क दी झ्यूरो' : माझ्याकडे दहाच युरो आहेत. भाषांतरात मराठी च चपखल बसतो. नातं मात्र काही नाही.

टेहळणी
'तो म्हणाला की' मधली की आणि पोर्तुगीज 'क', हाही योगायोगच म्हणायचा?

शब्दशोध
तिथे योगायोग नाही. वाक्य जोडणारी आपली की फारसीच्या 'के'च्या वळणावर रुळली. फारसी के आणि लॅटिन क्वि-क्वो दोन्ही त्याच जुन्या प्रश्नार्थक मुळाचे, ज्यातून कः, किम्, कुत्र आले. प्रश्नार्थकापासून उभयान्वयी हा प्रवास दोन्हीकडे वेगवेगळा झाला. मराठीची अस्सल रीत 'म्हणून'ची : 'येतो म्हणून म्हणाला'.

आणि पहिल्या पोस्टमध्ये मी घाईने 'पोचलाच नाही' लिहिलं, ते दुरुस्त करतो. स्वतंत्र क्वे गेला, पण काही शब्दांत गोठून राहिला. फ्रेंच 'झ्यूस्क' (पर्यंत) मध्ये लॅटिन उस्क्वे आहे, इटालियन 'चास्कूनो' (प्रत्येक) मध्ये क्विस्क्वे.

नवशिका
सरावाला एक वाक्य केलंय, तपासा : 'पुएर पुएल्लाक्वे पानेम आक्वांक्वे पोर्तात.' मुलगा आणि मुलगी पाव आणि पाणी नेतात. संस्कृत : 'बालो बालिका च अन्नं च जलं वहन्ति.'

क्षिप्रा
लॅटिनमध्ये क्रियापद चुकलं. कर्ते दोन, म्हणून 'पोर्तांत', अनेकवचन. (सेनेट आणि जनता मिळून एकच सत्ता मानली तेव्हा त्या ब्रीदापुढे एकवचनी क्रियापदही सापडतं, पण मुलगा-मुलगीला ती सवलत नाही.) 'आक्वांक्वे' बरोबर : आक्वाम + क्वे, म चा उच्चार क पुढे अनुनासिक.

संस्कृतात दोन चुका. दोघे आहेत म्हणून द्विवचन, 'वहतः'. आणि दुसरा च एका शब्दाने अलीकडे पडलाय. 'अन्नं च जलं' नको, 'अन्नं जलं च'. एकच च वापरायचा तर तो जोडीतल्या दुसऱ्याच्या मागे, जसा तुम्ही लॅटिनमध्ये बरोबर टाकलात. संधी करून : 'बालो बालिका चान्नं जलं च वहतः'.